ओसाड इमारतींना भुतांच्या हवाली करू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी ओसाड इमारतींचे व्हिडिओ कसे काढावेत यावर एक लेख आला होता. लेख तरुण वाचकांसाठी होता आणि त्यातली कॅमेऱ्याची माहिती चांगली होती. पण शेवटी दिलेले काही सल्ले मला फार खटकले, म्हणून हे पत्र लिहायला बसले. धुराचं यंत्र सोबत न्या, चित्राला निळसर-हिरवट रंग द्या, दार करकरल्याचा किंवा कुणी हुंदके देत असल्याचा आवाज मागाहून जोडा आणि शीर्षकात ‘झपाटलेली’ हा शब्द असू द्या, असं त्यात सुचवलं होतं.

मी छायाचित्रणावर पोट भरते. माहितीपटांसाठी आणि पाडकामाआधीच्या नोंदींसाठी बंद पडलेले कारखाने, शाळा, दवाखाने, राहती घरं टिपणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. अशा इमारतीला वातावरण बाहेरून आणून लावावं लागत नाही, ते तिथे असतंच. आपण घाई न करता त्याच्यापर्यंत पोहोचायचं असतं. वरून भुताटकीचा मुलामा चढवला की व्हिडिओ तर बिघडतोच, पण बऱ्याचदा इमारतही हातची जाते. मला जास्त काळजी या दुसऱ्या गोष्टीची आहे.

इमारत कशी जाते ते मी जवळून पाहिलं आहे. एका बंद पडलेल्या शाळेचं काम आमच्याकडे होतं. मालक संस्थेने लेखी परवानगी दिली होती. वर्गात फळे जागच्या जागी होते, खिडक्यांच्या काचा बऱ्याचशा शाबूत होत्या, लाकडी जिन्याचा कठडा तर अजून तुळतुळीत होता. आमचा तळमजला आणि पहिला मजला चित्रित करून झाला. दरम्यान कुणीतरी रात्री आत शिरून एक ‘थरारक’ व्हिडिओ केला. बाकं गोलाकार मांडली, फळ्यावर तांबड्या रंगाने काहीबाही लिहिलं, जिन्यात मेणबत्त्या लावल्या. तो व्हिडिओ पसरला आणि रात्री-अपरात्री टोळकी यायला लागली. आधी काचा फुटल्या, मग पितळी कड्या-कोयंडे गेले, मग दारंच गेली. शेवटी एका खोलीत आग लागली. त्या इमारतीचं काय करावं याबाबत संस्थेचं तोवर काही ठरलेलं नव्हतं, पण आगीनंतर महिनाभरात ती जमीनदोस्त झाली. तिच्या दुसऱ्या मजल्याची नोंद आज कुणाकडेच नाही. तिथल्या एका वर्गाच्या भिंतीवर मुलांसाठी रंगवलेला भलामोठा नकाशा होता, एवढं मला आठवतं. तो मी डोळ्यांनी पाहिला, कॅमेऱ्यात मात्र नाही.

मांडामांडीचा हा रोग जुना आहे आणि जगभर आहे. चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर 27 एप्रिल 1986 रोजी प्रिपियात हे सुमारे 49 हजार वस्तीचं शहर काही तासांत रिकामं केलं गेलं. त्या शहराची म्हणून जी चित्रं सगळीकडे दिसतात, त्यांत खाटेवरची बाहुली आणि तिच्या तोंडाला लावलेला गॅसमास्क हमखास असतो. अशी कितीतरी दृश्यं नंतर आलेल्या हौशी लोकांनी रचलेली आहेत. खरं काय मागे राहिलं होतं आणि कुणी नंतर काय ठेवलं, हे आता वेगळं करता येत नाही. ज्या कुटुंबांना हातात मावेल तेवढंच घेऊन बाहेर पडावं लागलं, त्यांच्या घरांची ही अवस्था. मला ते पाहवत नाही.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींना माझी पहिली विनंती ही, की आत गेल्यावर कशालाही हात लावू नका. खुर्ची सरळ करू नका, दार जास्त उघडू नका, जाळं झटकू नका. आणखी एक सवय लावून घ्या. खोलीत पाऊल टाकण्याआधी उंबऱ्यातूनच एक दृश्य टिपून घ्या. जमिनीवर साचलेल्या धुळीत मांजराची पावलं, पालीच्या शेपटीची रेघ, छताच्या गळतीने पाडलेले खळगे, असं बरंच काही उमटलेलं असतं आणि तुमच्या पहिल्याच पावलाने ते मोडतं. नामिबियातलं कोल्मन्स्कोप हे हिऱ्यांच्या खाणीसाठी वसलेलं गाव 1956 पर्यंत पुरतं रिकामं झालं. तिथल्या घरांत वाळवंटाची वाळू खिडक्यांपर्यंत चढली आहे. त्या वाळूवर वाऱ्याने काढलेल्या लाटा हेच तिथलं खरं दृश्य. कुणी एकदा खोलीभर फिरून आलं, की मागच्याच्या नशिबी फक्त बुटांचे ठसे.

आता उजेडाविषयी. लेखात बॅटऱ्या आणि रंगीत दिवे सुचवले होते. मी सांगेन, दिवे घरी ठेवा आणि सूर्याचं वेळापत्रक पाहा. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. खोलीत पडलेला उन्हाचा तुकडा त्यामुळे भिंतीवरून इतक्या वेगाने चालतो, की नीट पाहत बसलं तर नुसत्या डोळ्यांनाही कळतं. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवून दर 10 सेकंदांनी एक छायाचित्र घेत तासभर थांबलात, तर 360 चित्रं मिळतात. सेकंदाला 25 या हिशेबाने त्यांचे 14 सेकंद होतात. त्या 14 सेकंदांत ऊन फळ्यावरून उतरून बाकांवर येतं, एका खिळ्याची सावली लांबत लांबत दारापर्यंत पोहोचते. याच्यापुढे धुराचं यंत्र काय करणार?

ऊन तिरकं असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर, गिलाव्यातला प्रत्येक फुगवटा, थापीचा प्रत्येक फटकारा उठून दिसतो. दुपारी तीच भिंत सपाट वाटते. उलट बाहेरून आख्खी इमारत टिपायची असेल तर मला ढगाळ दिवस बरा वाटतो. बर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन दांपत्य 1959 पासून पुढे कित्येक वर्षं खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या टिपत राहिलं. आकाश पांढरं, सावली नाही, कॅमेरा अगदी समोर. नाट्य म्हणून काही नाही, तरी ती छायाचित्रं पाहताना माणूस खिळून राहतो. त्यांनी टिपलेल्या कितीतरी वास्तू आज उभ्या नाहीत.

अंधाऱ्या खोलीत उजळ खिडकी असली की नवखे लोक खोली दिसावी म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, वाढवतात आणि खिडकी जळून पांढरीफटक होते. मी खिडकीकडे बघून एक्स्पोजर ठरवते आणि खोली काळोखी राहू देते. तुमच्या कॅमेऱ्यात लॉग प्रोफाइल (उजेड आणि सावली दोन्हींतला तपशील जपणारी फिकट नोंद) आणि 10 बिटची (रंगांच्या जास्त छटा साठवायची) सोय असेल तर ती वापरा, सावलीतलं बरंच नंतर वर काढता येतं. सेकंदाला 25 चौकटी असतील तर शटर सेकंदाच्या 50 व्या भागावर ठेवा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे चित्राचा रंग जुळवण्याची सोय, ऑटोवर कधीच सोडू नका. खिडकीत झाड वाढलेलं असेल तर आत येणारा उजेड पानांतून गाळून हिरवा होऊन येतो. तो हिरवा रंग त्या खोलीचा स्वतःचा असतो. ऑटोवर ठेवलं की कॅमेरा त्याला चूक समजून काढून टाकतो. मग संगणकावर बसून लोक वरून दुसराच हिरवा रंग फासतात! मी तो 5600 केल्विनवर, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या आकड्यावर, ठेवून देते आणि खोलीला तिच्या रंगात राहू देते.

आणि कॅमेरा हातात धरून पळत सुटू नका. गिंबल, म्हणजे चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारी मूठ, आल्यापासून सगळेच जण लांबलचक ओसरीतून तरंगत जाताना दिसतात. त्यात बघणाऱ्याला कुठेच थांबता येत नाही. एक दृश्य निदान 30 सेकंद हलवू नका. पहिले काही सेकंद काहीच घडत नाही असं वाटतं. मग कोपऱ्यातलं जाळं श्वास घेतल्यासारखं हलताना दिसतं, मग लक्षात येतं की वाऱ्याची वाट तुटलेल्या तावदानातून आहे, मग छतावरून एक थेंब पडतो. बघणाऱ्याने हे स्वतः शोधलेलं असतं, त्यामुळे ते त्याच्या मनात राहतं.

एका राहत्या घरात मी बराच वेळ एका दारापाशी होते. दाराची बिजागरी कधीतरी खचली असावी. दार खाली घासत होतं आणि वर्षानुवर्षं उघडझाप होऊन फरशीवर पाव वर्तुळाचा खोल ओरखडा उमटला होता. सुरुवातीला रुंद आणि भिंतीकडे जाताना अरुंद, कारण शेवटच्या टप्प्यात लोक दार थोडं उचलून ढकलत असणार. दारावर त्या उंचीला, कडीच्या बरोबर खाली, हाताच्या तेलकटपणाने काळा पडलेला डाग होता. कुणालाही दुरुस्ती सुचली नाही, किंवा जमली नाही, आणि सगळ्या घराला ते दार उचलून ढकलायची सवय झाली. मी तो ओरखडा जमिनीलगत कॅमेरा ठेवून टिपला, मग डाग टिपला. त्या घराविषयी मी जे काही चित्रित केलं त्यात लोकांना सगळ्यात जास्त हेच आठवतं. त्या खोलीत कुणी पांढऱ्या साडीतली बाई उभी केली असती, तर या दाराकडे कुणाचं लक्ष गेलं असतं?

आवाजाबद्दल तर मला विशेष पोटतिडकीने सांगायचं आहे, कारण तिथे सर्वात जास्त खोटेपणा चालतो. रिकाम्या खोलीला स्वतःचा आवाज असतो. पडदे, गाद्या, कपाटं, माणसं, आवाज शोषून घेणारं सगळं निघून गेलेलं असतं आणि उरतात नुसत्या टणक भिंती. वॉलेस सॅबिन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाकडे 1895 मध्ये एक व्याख्यानगृह सुधारण्याचं काम आलं. तिथे घुमण्यामुळे बोललेलं काही कळत नसे, रिकाम्या दालनात आवाज साडेपाच सेकंदांहून जास्त रेंगाळत असे. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून रचल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरेपर्यंतचा काळ घड्याळ लावून मोजला. गाद्या वाढतील तसा घुमण्याचा काळ कमी होत गेला आणि शेवटी एका सेकंदाच्या आसपास आला. वास्तुध्वनिशास्त्राचा पाया तिथे पडला. खोलीचा आकार आणि तिच्यातल्या वस्तू यांचा हिशेब त्या घुमण्यात साठलेला असतो, हे त्यातून सिद्ध झालं. म्हणजे रिकाम्या दालनात वाजवलेली एक टाळी नीट ध्वनिमुद्रित केली, तर ती त्या दालनाची मोजदाद ठरते. दालन पाडल्यावर ती पुन्हा मिळत नाही. (वटवाघळं किंवा घुबडं वस्तीला असतील तिथे मात्र टाळी वाजवू नका. पिल्लं असतील तर त्या खोलीत जाऊच नका.)

मी प्रत्येक खोलीत कॅमेरा बंद करून निदान दोन मिनिटं फक्त आवाज घेते. ध्वनिमुद्रणाचा दर्जा 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, माइकवर वाऱ्याची टोपी, सगळ्यांचे फोन विमान मोडवर आणि सगळे जागच्या जागी उभे. पत्र्याच्या छतावर ऊन चढायला लागलं की पत्रा प्रसरण पावतो आणि खिळ्यांपाशी टकटक करतो. सकाळी ती टकटक पूर्वेकडच्या उतारावर सुरू होते. ज्यांनी रात्री अशा जागी ‘पावलं ऐकली’ त्यांनी बहुधा तोच पत्रा थंड होऊन आकसताना ऐकलेला असतो. खरा आवाज असा असताना नेटवरून फुकट मिळणारं करकरणारं दार कशाला? हजार व्हिडिओंत तेच दार करकरतंय.

भीतीपट करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. कथा रचा, कलाकार घ्या, मालकाची परवानगी काढा, खरं ठिकाण ओळखू येणार नाही असं बघा आणि ही कथा आहे हे सांगा. माझं म्हणणं त्यांच्याबद्दल आहे जे खऱ्या इमारतीचं खरं रूप दाखवतो म्हणतात आणि तिच्या नावावर खोटं खपवतात.

जिवाच्या सुरक्षिततेचा त्या लेखात एकच उल्लेख होता, ‘काळजी घ्या’. तेवढ्याने भागत नाही. खिडकीतून येणारा उन्हाचा झोत सगळ्यांना हवा असतो. तो झोत दिसतो कारण हवेतल्या कणांवरून प्रकाश विखुरतो. आता हेही लक्षात घ्या, की ज्या कणांमुळे झोत दिसतो तेच कण तुम्ही छातीत ओढत असता. जुन्या रंगात शिसं असू शकतं. जुन्या पत्र्यांत, पाइपांच्या आवरणांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. कबुतरांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेच्या थरांत फुप्फुसांना जडणारी बुरशी वाढते. झोत दाट दिसावा म्हणून मुलं पाय आपटतात, गोणपाट झटकतात, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि दर वेळी ओरडून थांबवलं आहे. रुमाल बांधून काही होत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा किमान एन-95 मास्क लावा. पण अॅस्बेस्टॉसचे पत्रे फुटलेले किंवा आवरणं लोंबलेली दिसली तर एन-95 च्या भरवशावर राहू नका, सरळ बाहेर या.

लाकडी तक्तपोशीवर चालताना खिळ्यांच्या ओळीवरून चालावं, कारण तिथे खाली तुळई असते, हे बरोबर आहे. पण तुळईचं टोक बाहेरच्या भिंतीत शिरतं आणि भिंत ओली असेल तर लाकूड नेमकं तिथेच आतून कुजतं. वरून फळी धडधाकट दिसते. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत सर्वात फसवी जागा म्हणजे सज्जा आणि गॅलरी. तिचा भार पेलणाऱ्या सळया वरच्या अंगाला असतात आणि पाणीही वरच तुंबतं. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. तांबूस ओघळ, लांबट भेग, पोपडे सुटलेले, असं काही दिसलं तर तिथे तिकाटणंसुद्धा ठेवू नका, मग दृश्य कितीही सुंदर मिळत असो. तळघर, बंद टाक्या, विहिरी यांत उतरू नका. तिथे प्राणवायू कमी असू शकतो आणि त्याचा वास येत नाही. एकट्याने जाऊ नका, कुठे चाललोय आणि कधी परतणार हे कुणालातरी सांगून जा, आणि पहिल्यांदा जाल तेव्हा दिवसाच जा.

परवानगीशिवाय तर जाऊच नका. ओसाड म्हणजे बेवारस नव्हे. मालक असतो, वारस असतात, कोर्टात दावा चालू असतो, बँकेचा बोजा असतो. माझा अनुभव असा, की कशासाठी चित्रित करणार आहोत हे नीट लिहून दिलं आणि चित्रीकरणाची एक प्रत देऊ असं कबूल केलं तर मालक सहसा नाही म्हणत नाहीत. कित्येकदा तेच सोबत येतात आणि कुठल्या खोलीत काय होतं ते सांगतात. मग सगळं चित्रीकरणच बदलून जातं. बंद दवाखान्यात रुग्णांची कागदपत्रं पडलेली असतात, घरात पत्रं, लग्नाचे फोटो. त्यावरची नावं आणि चेहरे वाचता येतील असे दाखवू नका. ती माणसं किंवा त्यांची मुलं जिवंत असतात.

ठिकाणाच्या नावाचा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. नाव दिलं तर चोर आणि टोळकी पोहोचतात, नाही दिलं तर नोंदीला अर्थ उरत नाही. आता मी दोन प्रती करते. लोकांना दाखवायच्या प्रतीत ठिकाणाचं नाव नाही, आजूबाजूच्या खुणा नाहीत, आणि फाइलमध्ये फोन गुपचूप लिहून ठेवतो ते जीपीएसचे आकडेही पुसलेले. जपायच्या प्रतीत सगळं. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला, कुठली खोली, आणि रंग न बदललेल्या मूळ फाइली. ही प्रत मालकाकडे जाते आणि माझ्याकडे दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर राहते.

हे काम कॅमेऱ्याच्या जन्मापासून चालत आलेलं आहे. फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तू आयोगाने 1851 मध्ये पाच छायाचित्रकारांना देशभर पाठवलं, मोडकळीला आलेल्या वास्तू दुरुस्तीआधी जशा आहेत तशा टिपून आणायला. अमेरिकेत मंदीच्या काळात, 1933 साली, बेकार झालेल्या वास्तुरचनाकारांना हाताशी धरून जुन्या इमारतींची मोजमापं, आराखडे आणि छायाचित्रं करायचा उपक्रम सुरू झाला. तो आजही चालू आहे आणि ती सामग्री तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात कुणालाही पाहता येते.

चांगल्या चित्रांनी इमारती वाचतातही. बल्गेरियातलं बुझलुजाचं डोंगरमाथ्यावरचं स्मारक 1981 मध्ये उघडलं आणि कम्युनिस्ट राजवट बदलल्यावर वाऱ्यावर पडलं. छताचा तांब्याचा पत्रा चोरीला गेला, पाणी आत आलं, भिंतीवरची मोझेक चित्रं गळू लागली. त्या ढासळत्या सभागृहाची छायाचित्रं जगभर पोहोचली, लोकांना त्याचं मोल कळलं आणि 2019 मध्ये गेटी फाउंडेशन या अमेरिकेतल्या कलाविषयक संस्थेने त्याच्या जतनाच्या आराखड्यासाठी अनुदान दिलं. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं मिशिगन सेंट्रल स्टेशन 1988 मध्ये शेवटची गाडी गेल्यापासून पडक्या वास्तूंच्या छायाचित्रांचा जणू चेहरा होतं. 2018 मध्ये फोर्ड कंपनीने ते विकत घेतल्यावर, पूर्वी तिथून चोरीला गेलेलं घड्याळ कुणीतरी नाव न सांगता परत केलं. 2024 मध्ये स्टेशनाची इमारत पुन्हा लोकांसाठी उघडली. ज्यांनी मधल्या काळात तिला ‘भुतांचं स्टेशन’ म्हणून मोडीत काढलं असेल, त्यांच्या व्हिडिओंचा तिच्या दुरुस्तीला काय उपयोग होणार होता?

जपानच्या हाशिमा बेटाचंही तसंच. समुद्राखालच्या कोळशासाठी त्या चिमुकल्या बेटावर 1916 मध्ये बहुमजली काँक्रीटची चाळ उठली, 1959 मध्ये तिथे 5,259 माणसं राहत होती आणि 1974 मध्ये खाण बंद झाल्यावर काही महिन्यांत सगळी निघून गेली. ‘भुतांचं बेट’ म्हणून त्याचे असंख्य व्हिडिओ आहेत. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे कोरियन आणि चिनी मजुरांना जबरदस्तीने राबवलं गेलं, हे त्यांतल्या फार थोड्यांत सांगितलेलं असतं. खऱ्या माणसांचं दुःख तिथे असताना खोटी भुतं उभी करणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे मी मनापासून म्हणते.

संपादक महोदय, आपल्याकडे माझी एक मागणी आहे. पुरवणीत दर आठवड्याला वाचकांकडून बंद पडलेल्या एका इमारतीचं एक छायाचित्र आणि शंभर-दीडशे शब्द मागवा. व्हिडिओ असेल तर तो आपल्या संकेतस्थळावर ठेवा. अट एवढीच घाला, की मालकाची लेखी परवानगी सोबत हवी, तारीख हवी, काही हलवलेलं किंवा जोडलेलं नसावं, आणि तिथे पूर्वी राहिलेल्या, शिकलेल्या किंवा राबलेल्या एका तरी माणसाशी बोलून लिहिलेलं असावं. ठिकाणाचं नाव छापायचं की नाही ते मालकावर सोडा. सुरुवातीला लागणारी छाननी, तांत्रिक मदत आणि परवानगीच्या अर्जाचा नमुना मी विनामोबदला करून द्यायला तयार आहे. माझा पत्ता आणि फोन स्वतंत्र कागदावर सोबत जोडला आहे, तो कृपया छापू नये.

आपली,
एक छायाचित्रकार